जगभरातली जेवणाची साधने मुलांना शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बालवाडी आणि प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांसाठी, सुट्टीतली शिबिरे घेणाऱ्यांसाठी आणि घरी मुलांना काही नवे दाखवू पाहणाऱ्या पालकांसाठी आहे. जगातली सगळी साधने इथे नाहीत. ज्यांवर मुलांचा हात खरोखर बसतो आणि ज्यांचे साहित्य आपल्या बाजारात मिळते, तेवढीच घेतली आहेत. आमचा आग्रह एकच आहे: साधन शिकवण्याआधी त्या ताटातले अन्न दाखवा. अन्न समोर असले की हे साधन असेच का, हे मुले स्वतःच सांगू लागतात.

सुरुवात चॉपस्टिकपासून करावी का? मुलांना त्याचेच आकर्षण असते.

नको. सुरुवात घरच्या मांडणीपासून करा. पळी, डाव, झारा, उलथने, ओगराळे, वाटी, फुलपात्र, चमचा अशा आठ-दहा वस्तू सतरंजीवर मांडा आणि मुलांना दोन ढीग करायला सांगा. तोंडाला लागणाऱ्या वस्तू एकीकडे, न लागणाऱ्या दुसरीकडे. आपल्याकडे दुसरा ढीग मोठा होतो, कारण आपली बहुतेक हत्यारे शिजवण्याची आणि वाढण्याची आहेत. खायचे काम हात करतो. मग सुरी, काटा, सूपचा चमचा, गोडाचा छोटा चमचा असा पाश्चात्त्य पद्धतीचा संच शेजारी मांडा. तिथे जवळजवळ सगळेच ताटाशी बसून वापरायचे.

इथे मुलांना विचारा, "कापायचे काम कुठे होते, स्वयंपाकघरात की ताटात?" या प्रश्नावर पुढचे सगळे उभे राहते. चिनी स्वयंपाकात भाजी आणि मांस आधीच घासाच्या आकाराचे चिरलेले असते, म्हणून जेवताना सुरी लागत नाही. युरोपात मांसाचा मोठा तुकडा ताटात येतो, म्हणून लागते.

कोणत्या वयात काय शिकवावे?

साधारण नवव्या महिन्यापासून बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वस्तू धरू लागते. एक ते दीड वर्षात चमचा तोंडापर्यंत नेते, पण तो वाटेत उलटा होतो. मनगट वळवणे अजून जमत नसते, म्हणून या वयात चमचा खोल आणि आखूड दांड्याचा हवा. दोन-अडीच वर्षांनंतर बोथट टोकांचा काटा द्यावा. चॉपस्टिकची ओळख चौथ्या वर्षाच्या सुमारास करून देता येते, पण नीट पकड बसायला बहुतेक मुलांना पाच-सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सुरीने लोणी लावणे पाचव्या वर्षी आणि काट्याने धरून कापणे सात वर्षांच्या पुढे, असे ठेवा. मूल पेन्सिल तीन बोटांत धरत असेल तर चॉपस्टिक द्यायला हरकत नाही. मुठीत धरत असेल तर थांबा.

हाताने जेवणे हेही "शिकवायचे" असते का?

हो, आणि सगळ्यात नीट. मुलांना जगातली साधने दाखवताना आपल्या हाताला वगळले, की "ते लोक साधनांनी खातात, आपण नुसतेच खातो" असा चुकीचा समज बसतो. हाताने जेवण्याचे तंत्र आहे आणि ते टप्प्याटप्प्याने दाखवता येते.

वरणभातापासून सुरू करा. हात धुऊन पुसून घ्या. भात आणि वरण बोटांच्या टोकांनी कालवायचे, तळहात कोरडा राहिला पाहिजे. घास चार बोटांच्या पुढच्या दोन पेरांवर गोळा करायचा आणि अंगठा त्याच्या मागे ठेवायचा. हात तोंडाशी आला की बोटे किंचित खाली झुकवायची आणि अंगठ्याने घास आत सरकवायचा. बोटे तोंडात जात नाहीत. मुलांचे बिघडते ते बहुधा या शेवटच्या टप्प्यावर: अंगठ्याने ढकलण्याऐवजी ती बोटे चोखतात. अंगठ्याची हालचाल वेगळी करून, रिकाम्या हाताने पाच-सहा वेळा दाखवली की जमते.

वरण मनगटाकडे ओघळत असेल तर ते जास्त पडले आहे. वाटीभर भाताला सुरुवातीला दोन चमचे घट्ट वरण पुरे. घास सुटत असेल तर तांदूळ फार मोकळा आहे, इंद्रायणी किंवा आंबेमोहोर वापरा.

भाकरी एका हाताने मोडणे हे पुढचे कौशल्य. मधले बोट आणि अनामिका यांनी भाकरी ताटावर दाबून धरायची आणि अंगठा-तर्जनीने तुकडा ओढून काढायचा. पाच वर्षांखालच्या मुलांचा जोर पुरत नाही, त्यांना दोन्ही हात वापरू द्या. तुकडा मधून दुमडून खोलगट केला की पिठले त्यात बसते. हाताचा एक मोठा फायदा मुलांना जरूर सांगा: अन्न किती गरम आहे हे ओठांआधी बोटांना कळते.

चॉपस्टिक किती लांबीच्या घ्याव्यात?

मोठ्यांच्या २२ ते २५ सेंटीमीटरच्या काड्या मुलांना देणे ही सर्रास होणारी चूक आहे. वरचे टोक जड होते आणि काड्या हातात फिरतात. जपानमध्ये माप हातावरून काढतात. मुलाला अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायला सांगा, दोन टोकांमधले तिरपे अंतर मोजा आणि त्याची दीडपट करा. टीच १० सेंटीमीटर भरली तर काडी १५ सेंटीमीटरची. चार-पाच वर्षांच्या मुलांना १४ ते १६ आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना साधारण १७-१८ सेंटीमीटर लागतात.

छोट्या काड्या मिळाल्या नाहीत तर हॉटेलातल्या साध्या, न वापरलेल्या बांबूच्या काड्या जाड टोकाकडून कापा आणि कापलेली बाजू पॉलिशपेपरने घासून घ्या. निमुळत्या टोकाकडून कापू नका, पकडायचे टोक जाड होते. कबाबच्या शिगा कधीही वापरू नयेत, त्यांचे टोक अणकुचीदार असते.

धरायच्या कशा, टप्प्याटप्प्याने सांगाल का?

दोन्ही काड्या एकदम हातात देऊ नका. आधी एकच.

पहिली फेरी: एक काडी पेन्सिलसारखी धरा, पण टोकापासून दूर, लांबीच्या वरच्या एक तृतीयांश भागावर. अंगठ्याचे पेर, तर्जनी आणि मधले बोट यांत ती बसते. आता हवेत इंग्रजी "1" हा आकडा काढल्यासारखे टोक वर-खाली करा. मनगट हलता कामा नये, फक्त बोटे. हे जमेपर्यंत दुसरी काडी द्यायची नाही.

दुसरी फेरी: वरची काडी बाजूला ठेवा. खालची काडी अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात ठेवून तिचा पुढचा भाग अनामिकेच्या कडेवर, नखाजवळ टेकवा. अंगठ्याच्या बुडाने ती दाबून धरा. ही काडी कधीच हलत नाही. हात वळवला, हलवला तरी ती पडली नाही म्हणजे पकड बसली.

तिसरी फेरी: आता वरची काडी सरकवून आत घाला. दोन्ही टोके ताटावर हलकेच टेकवून समान करा. वरची उघडा, मिटा. एवढेच.

उचलायच्या वस्तूंचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम स्पंजचे २ सेंटीमीटरचे तुकडे, मग उकडलेल्या बटाट्याच्या दीड सेंटीमीटरच्या फोडी, मग पनीर, मग नूडल्स आणि शेवटी उकडलेले काबुली चणे. गुळगुळीत वाटाणा सगळ्यात अवघड. सुरुवातीलाच वाटाणे दिले तर मूल दोन मिनिटांत काड्या ठेवून देते. एका बैठकीत दहा मिनिटे पुरेत. पुढे बोटे दुखतात आणि पकड बिघडते.

सगळे सांगूनही जमत नाही. नेमके काय चुकते?

टोके एकमेकांवरून जाऊन फुलीचा आकार होत असेल, तर खालची काडी हलते आहे. अनामिकेचा आधार सुटलेला असतो. दुसऱ्या फेरीवर परत जा. उचललेली वस्तू गोल फिरून पडत असेल तर टोके समान नाहीत. काड्या फारशा उघडतच नसतील तर पकड खूप खाली आहे, हात वर सरकवा. बोटे पांढरी पडत असतील तर मूल फार आवळून धरते आहे. त्याला स्पंज न चेपता उचलायला सांगा. काड्या निसटत असतील तर चूक मुलाची नाही: लाखेचे किंवा प्लास्टिकचे गुळगुळीत काम आहे. शिकताना खरखरीत टोकाच्या लाकडी वा बांबूच्या काड्याच घ्या.

रबरबँडची किंवा बोटे घालायच्या अंगठ्या लावलेली शिकाऊ चॉपस्टिक वापरावी का?

पहिल्या दोन-तीन वेळांना, मूल निराश होऊ नये म्हणून. कागदाची छोटी घट्ट सुरळी दोन काड्यांमध्ये वरच्या टोकाला ठेवून रबरबँडने बांधली की चिमटा तयार होतो. पण तो चिमटाच असतो. त्यात दोन्ही काड्या हलतात आणि खालची स्थिर ठेवायची सवय लागत नाही. अंगठ्या असलेल्या संचात बोटांच्या जागा समजतात, मात्र मूल अंगठ्यांवर विसंबते. म्हणून एका जेवणात पहिली पाच मिनिटे अंगठ्यांच्या काड्या आणि मग साध्या, असे करा.

चीन, जपान, कोरिया यांच्या काड्या वेगळ्या का असतात?

इथे मुले फार रमतात, म्हणून तिन्ही जोड्या मिळाल्या तर नक्की ठेवा.

चिनी काड्या लांब, साधारण २५ सेंटीमीटर, आणि टोकाकडे बोथट. जेवण मधोमध ठेवलेल्या सामाईक ताटल्यांतून घेतात, त्यामुळे हात लांब पोचावा लागतो. जपानी काड्या आखूड आणि टोकदार. प्रत्येकाचे जेवण स्वतःसमोर वेगळे मांडलेले असते आणि मासा काट्यांसकट येतो. बारीक टोकाने काटा वेगळा करता येतो. कोरियन काड्या धातूच्या आणि चपट्या, सोबत लांब दांड्याचा चमचा. भात आणि सूप चमच्याने, बाजूचे पदार्थ काड्यांनी.

वाटीचा फरकही दाखवा. जपानमध्ये भाताची वाटी डाव्या हातात उचलून तोंडाजवळ आणणे हीच रीत आहे. कोरियात वाटी खालीच राहते, उचलणे बरे दिसत नाही. धातूची वाटी गरम भाताने तापते, हे मुलांना हात लावून पाहता येते: स्टीलच्या वाटीत आणि चिनीमातीच्या वाटीत सारखाच गरम (पण न भाजणारा) भात घाला आणि बाहेरून हात लावायला सांगा. वाटी खाली राहिली की तोंडापर्यंतचे अंतर वाढते, आणि चमच्याचे काम तिथे सुरू होते.

मोठ्या मुलांना थोडा इतिहास सांगता येतो. चीनमध्ये आन्यांगजवळ यिन या प्राचीन राजधानीच्या अवशेषांत सापडलेल्या काशाच्या काड्या सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात आणि त्या बहुधा शिजवताना वापरायच्या होत्या. जेवणात हात आणि चमचा नंतरही बराच काळ चालू राहिले. कोरियात गोंगजू इथे १९७१ मध्ये राजा मुर्योंगचे थडगे सापडले. त्याचा मृत्यू इ.स. ५२३ चा. त्यात काशाचे चमचे आणि काड्या दोन्ही मिळाले, म्हणजे ही जोडी जुनी आहे.

भात काड्यांनी खाता येतो हे मुलांना पटतच नाही. काय करावे?

दोन भात शिजवा. एक इंद्रायणीचा, पाणी जरा जास्त घालून. दुसरा बासमतीचा, मोकळा. दोन्ही कोमट असताना काड्यांनी उचलायला सांगा. इंद्रायणीचा गोळा उचलला जातो, बासमती गळून पडतो. जपान आणि कोरियात आखूड दाण्याचा, चिकटणारा भात खातात. एवढ्या एका प्रयोगाने जे समजते ते चित्रे दाखवून समजत नाही. इंद्रायणी गार झाला की कडक होतो आणि फसतो, म्हणून तो झाकून ठेवा.

थायलंडमध्येही काड्याच वापरतात ना?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. थायलंडमध्ये भाताचे जेवण चमचा आणि काटा यांनी होते. चमचा उजव्या हातात आणि तोच तोंडात जातो. काटा डाव्या हातात, त्याने घास चमच्यात ढकलायचा. काटा तोंडात घालत नाहीत. काड्या मुख्यतः नूडल्सच्या वाटीबरोबर येतात. आणि ईशान्येकडच्या इसान भागात चिकट भात बांबूच्या छोट्या टोपलीतून येतो, त्याचा लहान गोळा हाताने करून तोंडीलाव्यात बुडवून खातात. एकाच देशात तीन रीती, आणि तिन्ही अन्नावरून ठरलेल्या. "अमुक देश म्हणजे अमुक साधन" असा तक्ता भिंतीवर लावण्याआधी हे उदाहरण द्या. आमच्या मते तसा तक्ता लावूच नये.

मुलांना ही पद्धत चटकन जमते, कारण डावा हात फक्त ढकलतो. फिलिपिन्समध्येही चमचा-काट्याची जोडी रोजची आहे.

काटा-सुरी शिकवताना क्रम काय ठेवावा?

आधी काटा उजव्या हातात, टोचायला. पपईची किंवा उकडलेल्या गाजराची फोड घ्या. मग काटा डाव्या हातात द्या, टोके खाली वळवून, तर्जनी दांड्याच्या पाठीवर. सुरी उजव्या हातात, तिथेही तर्जनी वरून, पण पात्यावर नाही. काट्याने तुकडा दाबून धरायचा आणि सुरी काट्याच्या अगदी लगत, आपल्याकडे ओढत चालवायची. मुले सुरी खाली दाबतात, म्हणून तुकडा उडतो. "दाबू नको, ओढ" एवढेच सांगत राहा. सरावाला घावन किंवा जाड धिरडे उत्तम: मऊ असते, सरकत नाही आणि वाया जात नाही. एका वेळी एकच तुकडा कापायचा.

अमेरिकेत बरेच जण कापून झाल्यावर सुरी खाली ठेवून काटा उजव्या हातात घेतात. दोन्ही बरोबर आहे, मुलाला जे सोयीचे ते करू द्या.

युरोपातही काटा सहजासहजी रुळला नाही. अकराव्या शतकात बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्यातल्या राजकन्या व्हेनिसला लग्न होऊन आल्या तेव्हा काट्याने खाण्यावर धर्मगुरूंनी टीका केली होती. देवाने बोटे दिली असताना हे कशाला, असा सूर होता. थॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशाने इटलीतला काटा पाहून १६११ मध्ये त्याबद्दल लिहिले, तेव्हा इंग्लंडमध्ये त्याची चेष्टा झाली. जेवणाच्या सुरीचे टोक गोल का, याचेही उत्तर मुलांना आवडते: फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६९ मध्ये टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली, मारामाऱ्या कमी व्हाव्यात म्हणून.

जिथे भाकरीच चमचा होते, अशा रीती कशा दाखवाव्यात?

इथिओपियाची इंजेरा घ्या. टेफ नावाच्या धान्याच्या पिठाचे आंबवलेले, जाळीदार, मऊ आणि आंबट असे मोठे धिरडे. टेफचा दाणा एक मिलिमीटरहूनही लहान असतो. खसखस हातावर देऊन त्याच्या आकाराची कल्पना देता येते. इंजेरा ताटभर पसरतात, तिच्यावर डाळी, भाज्या, रस्से वाढतात आणि सगळे एकाच ताटाभोवती बसून उजव्या हाताने तुकडा तोडून त्यात भाजी चिमटीत धरून खातात. ताट, चमचा आणि अन्न, तिन्ही एकच. शेवटी तळाची, रस्सा मुरलेली इंजेराही खातात. आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवणे याला तिथे "गुर्शा" म्हणतात आणि तो मायेचा भाग आहे.

टेफ आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याऐवजी आंबोळी वापरा, तीही आंबवलेली आणि जाळीदार असते. मात्र ही आंबोळी आहे, इंजेरा नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगा. भाजी रसदार पण घट्ट हवी. मसूर आमटीहून दाट शिजवा, नाहीतर चिमटीतून गळते.

घानामधला फुफू कसावा आणि कच्ची केळी यांसारखे कंद-फळ उकडून, कुटून करतात. छोटा गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, सूप त्यात घ्यायचे आणि न चावता गिळायचे. कर्नाटकातले मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, हेही न चावता गिळतात. मुलांना खळगा पाडेपर्यंतची कृती करू द्या, गिळण्याची मात्र नाही. तुमच्या सत्रात घास चावूनच खायचा.

शिष्टाचाराचे नियम किती सांगावेत?

प्रत्येक संस्कृतीचे दोनच, आणि कारणासकट. जपानसाठी हे दोन निवडा: काड्या भातात उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत अन्न द्यायचे नाही. मृताला वाहिलेल्या भातात काड्या उभ्या रोवतात, आणि दहनानंतर अस्थी काड्यांनी हातोहात देतात. मुलांना हे घाबरवून सांगायची गरज नाही. आपल्याकडेही सुतकातल्या काही गोष्टी एरवी करत नाहीत, हे त्यांना ठाऊक असते.

आणखी एक नियम आपल्या मुलांना सांगावाही लागत नाही. सामाईक भांड्यातून घ्यायला अनेक चिनी आणि जपानी घरांत वाढण्याच्या वेगळ्या काड्या ठेवतात. उष्टे म्हणजे काय हे माहीत असलेल्या मुलाला हे लगेच समजते. तसेच जपानी मांडणीत भात डावीकडे आणि सूप उजवीकडे असते. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. दोन्ही मांडण्या कागदावर काढायला द्या, पंधरा मिनिटांचा चांगला उपक्रम होतो.

मूल डावखुरे आहे. काय करावे?

चमचा, काटा, काड्या त्याला डाव्या हातात धरू द्या. पकड दाखवताना समोर बसा, शेजारी नाही, म्हणजे आरशातल्यासारखे दिसते. पूर्व आशियात पूर्वी डावखुऱ्या मुलांना उजवीकडे वळवत असत, आता तो आग्रह सैल झाला आहे. हाताने जेवताना आपल्याकडे, इथिओपियात आणि अरब देशांत उजव्या हाताची रीत आहे. ती रीत म्हणून सांगा, पण मुलाचा हात धरून ओढू नका. स्वच्छ धुतलेल्या डाव्या हाताने जेवणारे मूल काही चूक करत नाही.

काही मुले "शी, काड्यांनी काय खातात!" म्हणून हसतात.

हसणे बहुतेक वेळा न जमण्यातून येते. त्या मुलाला दटावू नका, काड्या हातात द्या. शब्दांकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या. "विचित्र", "गंमतशीर", "मागासलेले", "सुधारलेले" हे शब्द सत्रात येऊ देऊ नका. टोप्या, झगे, डोळे ताणून नकला असले काहीही नको. वर्गात ईशान्य भारतातले किंवा परदेशातून आलेले मूल असेल तर त्याला आधी एकट्याला विचारा, मग सगळ्यांसमोर दाखवायला सांगा. नको म्हटले तर विषय तिथेच सोडा.

आम्ही परदेशात राहतो. शाळेत मुलाला हाताने खाल्ल्यावरून बोलतात.

डब्यासाठी काटा-चमचा जरूर द्या, पण "हाताने खाणे वाईट" असे सांगून नाही. "शाळेत हात धुवायला वेळ कमी असतो, म्हणून चमचा" हे खरे आणि पुरेसे कारण आहे. मुलाला एक सरळ उत्तर शिकवून ठेवा: "तू पिझ्झा, सँडविच, बर्गर हाताने खातोस ना? आमच्याकडे पोळी-भाजीही तशीच खातात." शिक्षकांना भेटून खाली दिलेले सत्र सुचवता येते. बहुतेक ठिकाणी त्याचे स्वागत होते.

२४ मुलांचे एक तासाचे सत्र कसे आखावे?

वय सहा ते नऊ. चार टेबले, प्रत्येकी सहा मुले, प्रत्येक टेबलावर एक मोठे माणूस. सुरुवातीला सहा मिनिटे हात धुणे आणि दोन ढिगांचा खेळ. मग प्रत्येक टेबलावर दहा मिनिटे आणि टेबल बदलताना दोन मिनिटे. शेवटी आठ मिनिटे अदलाबदल.

पहिले टेबल: वरणभात, हाताने. दुसरे: काड्या, आधी स्पंज, मग बटाटा आणि नूडल्स. तिसरे: थाई पद्धतीने चमचा-काटा, मोकळा भात आणि परतलेली भाजी. चौथे: आंबोळी, एका मोठ्या ताटात सहा जणांनी मिळून.

साहित्य: इंद्रायणी ३०० ग्रॅम आणि बासमती ३०० ग्रॅम (प्रत्येकाला चवीपुरते दोन-तीन घास येतात), तूरडाळ १५० ग्रॅम, कोरड्या नूडल्स २५० ग्रॅम, मध्यम बटाटे सहा, आंबोळ्या बारा, घट्ट मसूर आणि एक कोरडी भाजी अर्धा-अर्धा किलो. काड्यांच्या २४ जोड्या आणि चार जादा. चमचे आणि बोथट काटे २४-२४. ओली फडकी भरपूर. तिखट जवळजवळ नको: डोळे चोळणारे मूल प्रत्येक सत्रात असते.

शेवटच्या आठ मिनिटांत मुद्दाम चुकीच्या जोड्या द्या. नूडल्सना फक्त चमचा, पातळ आमटीला काड्या, मोकळ्या भाताला सुरी. "हे साधन इथे का अडले?" एवढाच प्रश्न विचारा आणि उत्तरे फळ्यावर लिहा. आमटी काड्यांनी खाता येत नाही म्हटल्यावर एखादे मूल वाटी उचलून पिते. जपानमध्ये सूप तसेच पितात, आणि आपणही ताक, सार तसेच पितो.

वेळ कमी असेल तर टेबले कमी करा, प्रत्येकाची मिनिटे नको. पाच मिनिटांत काड्या कुणालाच जमत नाहीत.

सुरक्षिततेसाठी काय पाहावे?

काडी, काटा किंवा चमचा तोंडात ठेवून चालायचे नाही, पळायचे तर मुळीच नाही. पडले तर टाळ्याला किंवा घशाला गंभीर इजा होते. हा नियम सत्र सुरू होण्याआधी, बसलेल्या मुलांना सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांना सरावासाठी शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, कडक चणे देऊ नका, घशात अडकतात. मोठ्यांसाठीही चणे दोन बोटांत चिरडले जातील इतके शिजलेले असावेत. शर्यती लावू नका. "कोण जास्त उचलतो" म्हटले की मुले तोंडात भरतात आणि हसतात, आणि ठसका तिथेच लागतो. शेंगदाणे, तीळ, गहू, दूध यांची अ‍ॅलर्जी पालकांकडून आधी लेखी विचारून घ्या. नूडल्स गव्हाच्या असतात, हे विसरले जाते.

काड्या आणि लाकडी साधने पुन्हा वापरता येतात का? पावसाळ्यात त्यांना बुरशी येते.

हॉटेलात मिळतात त्या, जोडलेल्या आणि मोडून वेगळ्या करायच्या काड्या एकदाच वापरायच्या. त्यांना कूस सुटते. तासलेल्या चांगल्या बांबूच्या काड्या बरीच वर्षे टिकतात. त्या पाण्यात भिजत ठेवू नका. लगेच साबण आणि कोमट पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि टोके वर करून उभ्या वाळवा. टोके खाली ठेवली तर पाणी तिथेच उतरते आणि काळे डाग पडतात. पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवून मगच डबा बंद करा, आणि ऊन पडेल त्या दिवशी तासभर बाहेर काढा. काळे ठिपके आत उतरलेली किंवा टोकाशी चिरलेली काडी जोडीसकट टाकून द्या. लाखेच्या रंगाचे पापुद्रे निघत असतील तर तीही मुलांना देऊ नये.